जिभेआधी कान अडतो

तळहात ओठांसमोर धरा आणि ‘पळ’ म्हणा. मग ‘फळ’ म्हणा. यातला फ जुन्या वळणाचा हवा, दोन्ही ओठ मिटून काढलेला. खालचा ओठ दातांखाली धरून म्हणतात तो नको. ‘पळ’ म्हणताना हाताला फारसं काही जाणवत नाही. ‘फळ’ म्हणताना हवेचा झोत स्पष्ट लागतो. आता इंग्रजीतला ‘पिन’ हा शब्द तुमच्या नेहमीच्या पद्धतीने म्हणा. बहुतेक मराठी माणसांच्या हाताला इथेही झोत लागत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनी हाच शब्द म्हटला तर मात्र लागतो. शब्दाच्या सुरुवातीचा त्यांचा प आपल्या प पेक्षा आपल्या फ ला जवळचा आहे.

याचं मोजमाप ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोन अभ्यासकांनी 1964 साली प्रसिद्ध केलं. त्यांनी अकरा भाषा तपासल्या आणि त्यात मराठीही होती. ओठ किंवा जीभ उघडल्यावर स्वरतंतू थरथरायला किती वेळ लागतो, एवढंच ते मोजत होते. इंग्रजीत शब्दारंभीच्या प, ट, क नंतर हा वेळ साधारण 60 ते 80 मिलिसेकंद भरतो. आपल्या अल्पप्राण प मध्ये तो अगदी थोडा असतो. आपला ब म्हणताना तर ओठ उघडायच्या आधीच स्वरतंतू थरथरू लागतात, पण इंग्रजी ब मध्ये शब्दारंभी बरेचदा तसं होत नाही. म्हणून तो आपल्या प च्या शेजारी येऊन बसतो. आपण स्वच्छ ‘पिन’ म्हणतो आणि समोरच्याला ‘बिन’ ऐकू येतं, त्यामागे हा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांचा हिशेब असतो.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटते ती गोष्ट अशी, की आपल्या तोंडाला हा झोत सोडता येतो. लहानपणापासून आपण दिवसातून शेकडो वेळा तो सोडतो. तरीही ‘पिन’ म्हणताना सोडत नाही. परक्या भाषेतला उच्चार जमत नाही म्हणजे जीभ वळत नाही, असं आपण सरसकट म्हणतो. इथे जीभही वळते आणि ओठही वळतात, पण मेंदूने तो आवाज ऐकल्या ऐकल्या प च्या खणात टाकून दिलेला असतो. आपल्या लिपीनेही त्यावर प असाच शिक्का मारलेला असतो. पुढे बोलायची वेळ आली की त्या खणातून आपला नेहमीचा प बाहेर येतो.

हे खण कधी तयार होतात? जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा 1984 सालचा प्रयोग आपल्या अगदी जवळचा आहे, कारण त्यात त आणि ट चे आवाज वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बाळं निवडली होती. बाळ आईच्या मांडीवर बसे आणि एकच ध्वनी पुन्हा पुन्हा वाजत राही. ध्वनी बदलला की बाजूच्या खोक्यातलं खेळणं उजळून हलायला लागे. बदल ओळखणारं बाळ खेळणं दिसायच्या आधीच मान वळवत असे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतला दंत्य त आणि मूर्धन्य ट यांतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो कळला. वर्षाचं व्हायच्या आत, पहिले शब्द धड फुटायच्या आधीच, आपल्या भाषेत ज्या फरकांना अर्थ नाही त्यांच्याकडे काणाडोळा करायला बाळ शिकलेलं असतं. मी याला नुकसान म्हणणार नाही. येणारा प्रत्येक बारीक फरक तपासत बसलं तर भाषा शिकायला सवड कुठून मिळणार?

इंग्रजी मातृभाषा असलेली माझी एक मैत्रीण मराठी शिकत होती. ‘ताप’ आणि ‘टाप’ हे शब्द मी तिच्यासमोर दहा वेळा म्हटले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती आणि शेवटी म्हणाली, ‘‘तू एकच शब्द म्हणतो आहेस.’’ मग तिने मला दोन इंग्रजी शब्द म्हणायला लावले. ‘वेस्ट’, म्हणजे पश्चिम, आणि ‘व्हेस्ट’, म्हणजे बंडी. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले. तिला दोन्ही सारखेच ऐकू आले. खरं तर लिहिताना आपण हा फरक बऱ्यापैकी पाळतो. एका ठिकाणी व आणि दुसऱ्या ठिकाणी व्ह, जसं वॉच आणि व्हिडिओ. पण तोंडातून दोन्हींसाठी आपला मऊ व निघतो. त्यात खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, पण घासत नाही. इंग्रजी ‘व्हेस्ट’मधल्या ध्वनीत तो चांगला घासावा लागतो. ‘वेस्ट’मधल्या ध्वनीत दातांचा संबंधच नसतो, फक्त ओठ गोल होतात. आपला व नेमका या दोघांच्या मध्ये पडतो.

म्हणजे अडचण आवाज अगदी अनोळखी असल्याची नाही, तो ओळखीचा वाटतो याची आहे. जेम्स फ्लेगी या संशोधकाने 1987 साली फ्रेंच बोलणाऱ्या इंग्रजीभाषकांत हेच दाखवलं. फ्रेंचमध्ये एक स्वर आहे. जीभ ई साठी ठेवायची आणि ओठ ऊ सारखे गोल करायचे, की तो निघतो. इंग्रजीत तो नाहीच. अनुभवी शिकणाऱ्यांना तो चांगला साधला होता. फ्रेंचमधला साधा ऊ मात्र साधला नव्हता, कारण इंग्रजीतही एक ऊ आहे आणि तोच आड येत होता.

वयाचा मुद्दा लगेच निघतो. कॅनडात गेलेल्या 240 इटालियन भाषकांचा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी इंग्रजी शिकायला सुरुवात केली ती दोन ते तेवीस या वयांत. वय जसं वाढत गेलं तसा परका ॲक्सेंट थोडा थोडा वाढत गेला, पण अमुक वयानंतर दार बंद, असा एकदम तुटलेला टप्पा दिसला नाही.

इथे मला एका गोष्टीची मनापासून चीड येते. एखाद्याच्या उच्चारावरून त्याची हुशारी जोखायची सवय. पोलिश कुटुंबात जन्मलेला जोसेफ कॉनरॅड विशीत इंग्रजी शिकला आणि इंग्रजीतला थोर कादंबरीकार झाला. त्याच्या बोलण्यातला परका ॲक्सेंट मात्र अखेरपर्यंत ठळक राहिला. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 साली ॲक्सेंट आणि समजणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. चिनी मातृभाषा असलेल्यांची इंग्रजी वाक्यं त्यांनी इंग्रजीभाषकांना ऐकवली. ॲक्सेंट फार जड आहे, असा शेरा मिळालेली कितीतरी वाक्यं ऐकणाऱ्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहून काढली होती.

समजण्यात अडथळा येतो तो बरेचदा सुट्या ध्वनीपेक्षा आघातामुळे, म्हणजे अक्षरावर दिलेल्या जोरामुळे. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्द सहसा बदलत नाही. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’ला जोर पहिल्या अक्षरावर असतो. ‘फोटोग्राफी’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो, आणि पहिला ‘फो’ आक्रसून जवळजवळ ‘फ’ होतो. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने, प्रामाणिकपणे म्हणतो. ऐकणारा जोराच्या अक्षरावरून शब्द शोधत असतो, आणि ते अक्षर त्याला सापडतच नाही.

जपानीत र आणि ल हे दोन वेगळे ध्वनी नाहीत. त्यामुळे जपानी माणसांना इंग्रजीतले तसे शब्द वेगळे ओळखणं अवघड जातं. 1990च्या दशकात संशोधकांनी त्यांना फक्त र आणि ल एवढाच फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या काही आठवडे नुसत्या ऐकवल्या. आवाज एकाचा नव्हता, अनेक जणांचे होते. प्रत्येक वेळी कुठला शब्द ऐकला ते सांगायचं, आणि चूक की बरोबर ते लगेच कळायचं. ओळखणं सुधारलंच. पण बोलण्याचा कसलाही सराव न देता त्यांचे उच्चारही सुधारले, आणि तीन महिन्यांनी तपासलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती.

ऐकणाऱ्याचा कानही बदलतो. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी 2004 साली इंग्रजीभाषकांना स्पॅनिश आणि चिनी वळणाचं इंग्रजी ऐकवलं. सुरुवातीला शब्द ओळखायला त्यांना जास्त वेळ लागला. मग कान सरावत गेला, आणि एका मिनिटाच्या आत ते मागे पडणं बरंचसं भरून निघालं.