ऑस्ट्रेलियातलं मल्टिकल्चरल धोरण आणि स्थलांतरितांना सरकारी मदत

बाहेरच्या देशांतून येऊन ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या लोकांसाठी तिथलं केंद्र सरकार (तिकडे फेडरल म्हणतात) आणि राज्य सरकारं ज्या सोयी चालवतात त्या सगळ्यांना मिळून मल्टिकल्चरल (बहुसांस्कृतिक) किंवा सेटलमेंट (नव्या देशात बस्तान बसवणं) सपोर्ट म्हणतात. यात फुकट इंग्रजी क्लास, फोनवरचे दुभाषे, परकीय भाषांतला सरकारी रेडिओ, वीकेंडच्या भाषाशाळांना अनुदान, सणांना ग्रँट, निर्वासितांना सुरुवातीची मदत असं बरंच काही येतं. 2021 च्या जनगणनेत देशातले 27.6 टक्के लोक परदेशात जन्मलेले निघाले आणि त्यात इंग्लंडच्या खालोखाल भारताचा नंबर लागला, 6 लाख 73 हजारांच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे पुण्या-मुंबईत ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्या कानावर यातलं काहीतरी पडलेलं असतंच, फक्त तुकड्या-तुकड्यात.

एक गैरसमज आधीच काढून टाकायला हवा. ही मदत म्हणजे मुख्यतः खात्यात पैसे जमा होणं नाही, ती बरीचशी भाषेची मदत आहे. याचं कारण इतिहासात आहे.

1901 साली ऑस्ट्रेलिया एक देश झाला आणि त्याच वर्षी इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन कायदा आला, ज्याला लोक व्हाइट ऑस्ट्रेलिया पॉलिसी म्हणून ओळखतात. कायद्यात कुठेही "गोऱ्यांनाच प्रवेश" असं लिहिलेलं नव्हतं, फक्त डिक्टेशन टेस्ट होती, म्हणजे अधिकारी 50 शब्दांचा उतारा वाचणार आणि येणाऱ्याने तो लिहायचा, आणि गंमत अशी की उतारा कुठल्या युरोपियन भाषेत वाचायचा ते अधिकाऱ्याने ठरवायचं, त्यामुळे ज्याला नापास करायचंय तो नापास होणारच. 1934 मध्ये एगॉन किश नावाचा पत्रकार नाझींविरुद्ध भाषणं द्यायला आला, सरकारला तो नको होता, पण पठ्ठ्याला बऱ्याच युरोपियन भाषा येत होत्या, मग त्याला चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा दिली! हायकोर्टाने नंतर ती परीक्षा कायद्यात बसत नाही म्हणून उडवली. टेस्ट संपली ती थेट 1958 मध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं कमी पडायला लागली तेव्हा पहिले इमिग्रेशन मंत्री आर्थर कॉलवेल यांनी युरोपातून लोक आणायला सुरुवात केली. बोनेगिला नावाच्या कॅम्पमधून 1947 ते 1971 मध्ये 3 लाखांवर माणसं गेली. याच काळात, 1948 मध्ये, मोठ्यांना इंग्रजी शिकवायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला जो आज एएमईपी नावाने चालूच आहे. पण तेव्हाची अपेक्षा सरळ होती की या, इंग्रजी शिका आणि आमच्यासारखे व्हा, तुमची भाषा घरात ठेवा.

हे बदललं 1970 च्या दशकात. लेबर पक्षाच्या व्हिटलम सरकारने 1973 मध्ये वंशावर आधारलेली निवड पूर्ण बंद केली, त्यांचे मंत्री अल ग्रासबी (रंगीबेरंगी शर्ट आणि टायसाठी प्रसिद्ध) यांनी "मल्टिकल्चरल" हा शब्द राजकारणात आणला आणि पुढच्याच वर्षी निवडणूक हरले, त्यांच्याविरुद्धच्या प्रचारात वंशद्वेष उघडउघड होता. 1973 मध्येच फोनवर दुभाषा द्यायची सेवा सुरू झाली. 1975 मध्ये रेशियल डिस्क्रिमिनेशन कायदा आला आणि सिडनी-मेलबर्नमध्ये दोन रेडिओ स्टेशनं निघाली, टूईए आणि थ्रीईए, तीही कशासाठी तर मेडिबँक ही नवी आरोग्य योजना इंग्रजी न येणाऱ्यांना समजावून सांगायला. त्यातूनच पुढे एसबीएस हे सरकारी प्रसारण केंद्र उभं राहिलं जे आज साठहून जास्त भाषांत कार्यक्रम करतं. आरोग्य योजनेच्या जाहिरातीतून एवढी मोठी संस्था निघेल असं कुणाला वाटलं नसेल.

1978 चा गॅलबॅली अहवाल या सगळ्यातला खरा पाया. फ्रँक गॅलबॅली हे मेलबर्नचे नावाजलेले फौजदारी वकील, पंतप्रधान फ्रेझर यांच्या लिबरल पक्षाच्या सरकारने नेमलेले. त्यांचं म्हणणं असं की सरकारी सेवा सगळ्यांना सारख्या मिळायला पाहिजेत आणि त्यासाठी गरज असेल तिथे वेगळी सोय करायची, शिवाय मदत शक्यतो त्या त्या समाजाच्या संस्थांमार्फत द्यायची. मायग्रंट रिसोर्स सेंटर (नव्याने आलेल्यांना मदत करणारी केंद्रं), टीव्हीवर एसबीएस (1980), समाजांच्या संस्थांना ग्रँट, हे सगळं त्या विचारातून आलं. लेबरने सुरू केलेलं लिबरलने वाढवलं हे विशेष, आपल्याकडे असं क्वचित दिसतं.

आता प्रत्यक्षात काय मिळतं ते. टीआयएस नॅशनल म्हणजे वर आलेली फोनवरच्या दुभाष्यांची सेवा, तिचा 131450 हा नंबर 24 तास चालतो, फोन लावून भाषेचं नाव सांगायचं की दुभाषा लाइनवर येतो, दीडशेच्या वर भाषा आहेत, आणि खाजगी डॉक्टर आणि फार्मसीवाल्यांनाही पेशंटसाठी ही सेवा फुकट वापरता येते. मुलाकडे कायमचं राहायला आलेल्या आईवडिलांची दवाखान्यात जी अडचण होते ती इथे सुटते. एएमईपीमध्ये आधी 510 तासांची मर्यादा होती, एप्रिल 2021 मध्ये ती काढली, आणि क्लासला जाताना लहान मुलांना सांभाळायची सोयही फुकट आहे, नाहीतर बायका जाऊच शकल्या नसत्या. निर्वासितांसाठी वेगळा कार्यक्रम आहे ज्यात घर शोधून देणं, बँक खातं, शाळेत नाव घालणं वगैरे सगळं येतं.

मराठी माणसाचा संबंध जास्त येतो तो नाटीशी. ही दुभाष्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था, 1977 ची. तिची सीसीएल नावाची परीक्षा मराठीतही देता येते आणि पास झालं तर पीआरच्या (कायमचं राहण्याच्या परवानगीच्या) अर्जात 5 पॉइंट वाढतात. दोन संवाद, प्रत्येकी 45 मार्क, पास व्हायला एकूण 63 आणि प्रत्येकात किमान 29 लागतात. रोज अर्धं इंग्लिश अर्धं मराठी बोलणारी मंडळी इथे बरोबर अडकतात आणि मग क्लास लावतात. ज्या देशात एके काळी भाषेची परीक्षा लोकांना बाहेर ठेवायला होती तिथे आज मराठी येते म्हणून आत यायला मदत होते, हे मला तरी भारी वाटतं.

गणेशोत्सव किंवा दिवाळीच्या कार्यक्रमांना राज्य सरकारची ग्रँट मागता येते, पण त्यासाठी मंडळ रजिस्टर हवं, विमा हवा, नंतर खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. हे काम करणारे स्वयंसेवक नोकरी सांभाळून रात्री फॉर्म भरत बसतात, त्यामुळे छोट्या आणि नव्या समाजांपेक्षा जुन्या, लिहिण्यात तरबेज मंडळांना जास्त मिळतं अशी तक्रार नेहमीची आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र हात आखडता. जानेवारी 2019 पासून नवीन पीआरवाल्यांना बेकारी भत्त्यासारख्या बऱ्याच मदतीसाठी 4 वर्षं थांबावं लागतं, निर्वासितांना सूट आहे. टेंपररी व्हिसावाले आणि स्टुडंट तर जवळजवळ बाहेरच. कोविडमध्ये हे फार बोचलं, जॉबकीपर या पगार-अनुदानाच्या योजनेतून त्यांना वगळलं आणि पंतप्रधान मॉरिसन यांनी व्हिजिटर आणि स्टुडंटना पोटापाण्याची सोय नसेल तर आपापल्या देशात परत जा असं सांगितलं, बहुतेक विमानं बंद असताना! व्हिक्टोरिया राज्याने मग स्टुडंटना 1100 डॉलरपर्यंत मदत दिली. त्याच राज्यात जुलै 2020 मध्ये मेलबर्नमधले सरकारी घरांचे नऊ टॉवर कोविड रोखायला अचानक बंद केले, सुमारे 3000 माणसं, बरीच स्थलांतरित, आणि सुरुवातीला धड दुभाषेही नव्हते. नंतर राज्याच्या ओम्बड्समननेच (लोकपालासारखा अधिकारी) सांगितलं की ही तडकाफडकी टाळेबंदी मानवी हक्कांचं उल्लंघन होतं.

राज्यांमध्ये मल्टिकल्चरल कायदे आहेत (न्यू साउथ वेल्स 2000, क्वीन्सलँड 2016 वगैरे) पण केंद्रात असा कायदा नाही, त्यामुळे सरकार बदललं की सूर बदलतो. पंतप्रधान हॉवर्ड यांनी 2007 मध्ये इमिग्रेशन खात्याच्या नावातून "मल्टिकल्चरल" काढूनच टाकलं होतं. ऑगस्ट 2025 च्या स्थलांतरविरोधी मोर्च्यांच्या पत्रकांत तर भारतीयांचं थेट नाव घेतलेलं होतं. त्याच्या आधी, जुलै 2024 मध्ये, या मल्टिकल्चरल धोरणाचा एक मोठा आढावा अहवाल आला होता, 29 शिफारशींचा. त्यात वेगळं खातं आणि वेगळा आयोग मागितला होता. सरकारने 10 कोटी डॉलर जाहीर केले आणि 2025 मध्ये एक ऑफिस उघडलं, पण ते होम अफेअर्समध्येच, म्हणजे ज्या खात्याकडे व्हिसा रद्द करायचं कामही आहे त्याच्याच आत.