चौथ्या आठवड्यातलं इम्प्लांट

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडला दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर हल्ली एक वाक्य हमखास दिसतं: ‘तीन दिवसांत पक्के दात’. तीन दिवसांत दात दिसायला लागतील, यात शंका नाही. पक्के कधी व्हायचे, ते मात्र हाड ठरवतं.

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची नळकांडी बसवून आतला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळकांडी काढायला गेले, तर निघेनात. हाड त्यांना चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी या धातूचे स्क्रू पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसवले. जबड्यातला हा स्क्रू म्हणजेच इम्प्लांट, त्यावर नवा दात बसवतात. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. शरीराशी गाठ पडते ती या थराची, आणि तो गंजत नाही. त्यामुळे किडनी नाकारावी तसं शरीर इम्प्लांट नाकारत नाही. ते निकामी होतं, पण वेगळ्या कारणांनी.

बसवल्या दिवशी इम्प्लांट भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखं निव्वळ दाबावर उभं असतं. भोक मुद्दाम किंचित लहान पाडलेलं असतं. आता गंमत पाहा. दाबल्या गेलेल्या हाडाच्या कडा शरीर तशाच ठेवत नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी ते हाड कुरतडून काढतात आणि मागून ऑस्टिओब्लास्ट नवं, आधी कच्चं, हाड भरत येतात. कुरतडणं लवकर उरकतं, भरणं सावकाश चालतं. म्हणून पहिल्या दिवशी घट्ट असलेलं इम्प्लांट साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात कमकुवत असतं आणि मग हळूहळू पुन्हा घट्ट होतं. नेमकी त्याच सुमारास सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, आणि पेशंट सोमेश्वरला जाऊन भाजलेलं कणीस चावून पाहतो.

या काळात इम्प्लांट साधारण १५० मायक्रॉनपेक्षा जास्त, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतकं, हललं तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. पुढे कितीही थांबलं तरी तिचं हाड होत नाही. उष्णतेचंही तसंच. भोक पाडताना हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर जरी तापलं तरी त्याच्या पेशींना इजा होते. ड्रिलवर सलाइनची धार सोडतात ती यासाठी. ताबडतोब दात बसवणं अजिबात चूक नाही. बसवताना पिळाचा जोर सुमारे ३५ न्यूटन सेंटिमीटर लागला असेल आणि शेजारची इम्प्लांट्स एकमेकांना जखडलेली असतील, तर ते शास्त्राला धरून आहे. पण हे हाडाच्या घनतेवर अवलंबून. खालचा जबडा घट्ट, वरच्या दाढांकडचं हाड भुसभुशीत, त्यात वर सायनसची पोकळी. म्हणून थांबायला कुणाला दोन महिने सांगतात, कुणाला सहा.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, हे अजून ऐकू येतं. दातांची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी. दाढ किडायच्या वयातच चाळिशीचा चष्माही लागतो, एवढाच काय तो संबंध. उलट या भीतीने सडलेली दाढ तोंडात ठेवली, तर भोवतीचं हाड झिजतं आणि तेच पुढे इम्प्लांटला कमी पडतं.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी: बिडी-सिगारेट, मिसरी आणि तंबाखूसुद्धा, तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि हाडं ठिसूळ झाल्याबद्दल घेतलेल्या गोळ्या किंवा वर्षातून एकदाचं, सहा महिन्यांनी एकदाचं इंजेक्शन. या औषधांनी हाडाची ती कुरतडण्याची क्रियाच दबते, आणि क्वचित जबड्याची जखम भरतच नाही. आजीने दोन वर्षांपूर्वी घेतलेलं इंजेक्शनसुद्धा सांगायचं. औषध मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही.

खर्चाचा आकडा ऐकून धसका बसला, तर पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. तिथेही विचारून यावं.

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी सुजते आणि हाड खाली उतरतं, तेही बहुधा न दुखता. खऱ्या दाताभोवती असलेला तंतूंचा पट्टा इथे नसतो, म्हणून जंतूंना अडसर कमी. दर सहा महिन्यांनी दाखवायला जावंच लागतं. आणि बिलाबरोबर इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्यावं. त्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. दहा वर्षांनी पुण्यात किंवा मुंबईत दात धरून ठेवणारा वरचा छोटा स्क्रू ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरला कुठला पाना लावायचा ते त्यावरूनच कळतं.