परसातल्या कोंबड्यांचे स्वभाव

घरामागे पाच-दहा कोंबड्या मोकळ्या सोडून पाळल्या की आठवड्याभरात कळायला लागतं कोण भांडकुदळ, कोण घाबरट आणि कोण संध्याकाळी खुराड्यात न जाता शेवग्यावर जाऊन बसते. हे सगळं जातीप्रमाणे बरंच बदलतं. मुळात सगळ्या पाळीव कोंबड्या मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याच्याच वंशातल्या, पण माणसाने कुठली अंड्यासाठी निवडली, कुठली मांसासाठी, कुठली झुंजीसाठी, आणि त्या निवडीबरोबर स्वभाव पण घडत किंवा बिघडत गेला.

महाराष्ट्रात जिला गावरान म्हणतात ती खरं तर एक ठराविक जात नाहीच, गावोगावच्या देशी कोंबड्यांची सरमिसळ आहे, त्यामुळे रंग, तुरा, उंची सगळं वेगवेगळं. वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते म्हणून लोक नावं ठेवतात, पण मोकळ्यावर जगायची अक्कल हिच्याइतकी कुणाला नाही. अंगाने हलकी, पटकन उडते, उकिरडा उकरून पोट भरते आणि आभाळात घार दिसली की झुडपात गायब. कोंबड्याची धोक्याची हाक पण दोन प्रकारची असते, घारीसाठी वेगळी आणि मांजर-मुंगसासाठी वेगळी, आणि नुसती हाक ऐकून कोंबड्यांना कळतं की लपायचंय की मान वर करून बघायचंय.

गावरानचा खरा गुण म्हणजे खुडूक बसणं. दहा-पंधरा अंडी झाली की ती अंड्यावरून उठायचं नाव घेत नाही, अंग चपटं करून बसते, जवळ हात नेला की पिसं फुलवून कुर्रर्र करते आणि सरळ चोच मारते, एरवी गरीब असलेली कोंबडी पण. पोटाखालची पिसं झडलेली असतात, त्यामुळे कातडीची ऊब थेट अंड्याला लागते. दिवसातून एकदा घाईघाईने उठते, दाणे खाते, पाणी पिते, एकदाच भलीमोठी घाण वासाची विष्ठा टाकते, मातीत लोळून घेते आणि परत जागेवर, असं २१ दिवस. शेवटच्या दिवसांत अंड्यातून पिल्लाची चिवचिव यायला लागते आणि ती हळू आवाजात त्याला उत्तर देते. या खुडूक बसण्यामागे प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन असतं, आणि खुडूक असेपर्यंत अंडी बंद, म्हणूनच जास्त अंड्यांच्या मागे लागलेल्या माणसाने हा गुण कित्येक जातींमधून जवळजवळ घालवून टाकला. खुडूक मोडायला लोक कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात, ते करू नये, उगाच छळ आहे. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस दाणापाणी देऊन ठेवली की बहुतेक वेळा आपोआप सुटते.

व्हाइट लेगहॉर्न हे याचं दुसरं टोक. इटलीकडची जात, अंड्यांची मशीन, पण खुडूक बसणं जवळपास विसरलेली आणि भयंकर घाबरट, भांडं पडलं तरी सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. ऱ्होड आयलंड रेड त्या मानाने निवांत, दाण्याचा डबा वाजला की पायात येते, मात्र तिचे काही कोंबडे माज करतात आणि लहान मुलांच्या अंगावर जातात. ऑस्ट्रालॉर्प, ऑस्ट्रेलियाची काळी जात, त्याहून शांत, आणि शांत असून अंड्यातही मागे नाही. १९२२-२३ मध्ये तिथे सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिल्याची नोंद आहे. नवशिक्याने सुरुवात ऱ्होड आयलंड रेड आणि ऑस्ट्रालॉर्प या दोघींपासून करावी असं माझं मत.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून आपल्याकडे हिची फारच हवा झाली. चपळ, बुजरी, हातात सहज येत नाही, झाडावर झोपायची सवय आणि खुडूक बसण्यात कच्ची, म्हणून लोक तिची अंडी गावरानखाली ठेवतात आणि गावरान ती आपलीच समजून उबवते. (कोंबडी काळी असली तरी अंडी काळी नसतात, फिकट तपकिरी असतात, काळी म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.)

असील म्हणजे झुंजीसाठी घडवलेली जात, लांब मान, ताठ चाल, छोटा तुरा. यांची पिल्लं काही आठवड्यांची झाली की आपसात भांडायला लागतात, आणि दोन मोठे कोंबडे एका अंगणात ठेवले तर एक मरेपर्यंत थांबत नाहीत. गंमत म्हणजे माणसाशी हाच पक्षी बऱ्याचदा अगदी सौम्य वागतो. असील कोंबडी अंडी कमी देते पण आई म्हणून जबरदस्त, पिल्लांसाठी कुत्र्याच्या पण तोंडावर झेपावते. झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी काही ठिकाणी चालतंच.

हैदराबादची वनराज आणि बंगळूरची गिरिराज या सुधारित जाती खास परसासाठीच काढलेल्या. गरीब, जड, खादाड, खुडूक जवळजवळ बसतच नाहीत, आणि वजनामुळे नीट उडता येत नसल्याने कुत्र्या-मुंगसाला आधी याच सापडतात, रात्री बंदिस्त खुराडं हवंच.

जात कुठलीही असो, कळपात मानपान असतोच. कोण कुणाला टोचू शकते ही उतरंड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डेरूप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास मांडली. जपानमध्ये तर असं दिसलं की पहाटे आधी वरच्या नंबरचा कोंबडा आरवतो, मग बाकीचे नंबराने. नवी कोंबडी आणली की ही उतरंड परत लागते म्हणून मारामारी होते. लेगहॉर्नसारखी भित्री एकटी असीलमध्ये सोडली तर तिला दाण्याजवळ कोणी येऊ देत नाही, त्यामुळे आधी आठवडाभर जाळीपलीकडे ठेवावी, मग अंधार पडल्यावर खुराड्यात सोडावी आणि दाणापाणी दोन-तीन जागी मांडावं. रक्त निघालेली कोंबडी मात्र लगेच वेगळी काढायची, कारण लाल दिसलं की बाकीच्या सगळ्या, अगदी शांत ऑस्ट्रालॉर्प सुद्धा, तिथेच टोचत राहतात.