आमदारांचा पगार: फैजपूरपासून धुळ्यापर्यंत

डिसेंबर १९३६ मध्ये खान्देशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि पाठोपाठ प्रांतिक निवडणुका झाल्या. जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांतात सत्तेवर आलेल्या काँग्रेसच्या मंत्र्यांनी महिना ५०० रुपये पगार घेतला. ती मर्यादा काँग्रेसच्याच १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या ठरावातली. घर आणि मोटारीचा भत्ता त्याहून वेगळा होता, पण जुन्या साधेपणाच्या गोष्टी सांगताना हे हटकून गळतं.

राज्यघटनेच्या कलम १९५ नं आमदारांचा पगार कायद्याने ठरवण्याचा अधिकार विधिमंडळालाच दिला. घेणारे आणि ठरवणारे एकच, ही तक्रार तेव्हापासूनची. अध्यक्ष आणि सभापतींचं वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतं, त्यावर मतदान होत नाही. सामान्य आमदाराच्या पगाराचा खर्च मात्र मागणीच्या रूपाने सभागृहात मंजूर व्हावा लागतो. मुंबई राज्याने १९५६ मध्ये वेतन-भत्त्यांचा कायदा केला. महाराष्ट्र आजही तोच, दुरुस्त्या करत करत, वापरतो. पेन्शनचा कायदा १९७६ चा.

खरा वाद २०१६ चा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, वाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. एरवी एकमेकांना बोलू न देणारे दोन्ही बाजूंचे सदस्य त्या दिवशी शांत बसले. पाऊण लाखाच्या आसपास असलेली महिन्याची रक्कम दुपटीच्या वर गेली, पेन्शन ४० हजारांवरून ५० हजार झालं. ओरड झाली ती या आकड्यांवरून. पण त्या विधेयकातला जास्त महत्त्वाचा भाग वेगळाच होता: आमदाराचा पगार प्रधान सचिवाच्या वेतनाला जोडला गेला. तोवर वाढ हवी असली की विधेयक आणावं लागे, वर्तमानपत्रांत टीका होई, विरोधात एखादा तरी सूर निघे. जोडणी झाल्यावर याची गरज उरली नाही. सातवा वेतन आयोग लागू झाला तसं आमदारांचं मूळ वेतन १ लाख ८२ हजार २०० रुपयांवर गेलं, आणि महागाई भत्ता १७ टक्के होता तेव्हा दूरध्वनी, टपाल-लेखनसामग्री, संगणकचालक असे भत्ते धरून महिन्याचे २ लाख ४१ हजार १७४ होत. ही वाढ कोणी मागितली नाही आणि कोणी नाकारलीही नाही. पगार सचिवांच्या बरोबरीचा असावा की नसावा, यावर दोन मतं असू शकतात. ती मतं सभागृहात मांडलीच गेली नाहीत, हे अधिक खटकतं.

कोरोनाच्या वर्षात, एप्रिल २०२० पासून, ३० टक्के कपात झाली; ती वर्षापुरतीच.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या मार्च २०२३ च्या संपात विषय पुन्हा तापला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना जुनं पेन्शन नाही, आणि एकदा निवडून आलेल्याला मात्र जन्मभर, हा मुद्दा चावडीपर्यंत पोचला. चावडीवर यात आमदार निधीही मिसळला जातो. तो पगार नव्हे. रस्ते, सभामंडप अशा कामांचा तो पैसा जिल्हा प्रशासनाकडून खर्च होतो.

खान्देशच्या २० आमदारांपुरता हा विषय मुंबई-नागपुरातलाच राहिला असता, पण मे २०२५ मध्ये तो धुळ्यात येऊन पोचला. विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत पावणेदोन कोटींहून जास्त रोकड सापडली. ती समितीसाठी गोळा केल्याचा आरोप झाला आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमण्याची घोषणा झाली. सरकारी खर्चात काटकसर कुठे करता येईल हे पाहणं, हेच या समितीचं काम. तिच्या सदस्यांच्या दौऱ्याचा खर्चही सरकारी तिजोरीतूनच होतो.