कुंचल्याने झिलई देणे

भाजलेल्या मातीच्या भांड्यावर, फरशीवर किंवा मूर्तीवर भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप कुंचल्याने चढवण्याची ही पद्धत आहे. भांडे लेपात बुडवणे, त्यावर लेप ओतणे आणि यंत्राने फवारणे या झिलई (ग्लेझ) चढवण्याच्या इतर रूढ पद्धती होत. या सर्वांत कुंचल्याच्या पद्धतीला साधने सर्वांत कमी लागतात आणि लेपही थोडा पुरतो. मात्र सगळीकडे सारख्या जाडीचा थर मिळवणे याच पद्धतीत सर्वांत अवघड असते.

झिलई म्हणजे भांड्याच्या अंगाला चिकटलेला काचेचा पातळ थर होय. तिचा मुख्य घटक सिलिका असून शुद्ध सिलिका वितळण्यास सुमारे १,७१०° से. तापमान लागते. एवढ्या उष्णतेत सामान्य मातीचे भांडे टिकत नाही, म्हणून शिसे, बोरॉन, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम किंवा जस्त यांची ऑक्साइडे द्रावक म्हणून मिसळून वितळण्याचे तापमान खाली आणतात. चिनी मातीतून येणारे अॅल्युमिना वितळलेल्या झिलईला दाटपणा देते आणि उभ्या बाजूंवरून ती ओघळू देत नाही. तांबे, लोह, कोबाल्ट, मँगॅनीज यांच्या संयुगांनी रंग येतो. हे सर्व पदार्थ बारीक दळून पाण्यात कालवले की लेप तयार होतो. तो द्रावण नसून निलंबन, म्हणजे न विरघळलेल्या कणांचे पाण्यातील मिश्रण, असल्यामुळे कण तळाशी बसतात आणि काम चालू असताना तो वारंवार ढवळावा लागतो.

कुंचल्याच्या पद्धतीतील जवळजवळ सर्व अडचणींचे मूळ भांड्याच्या शोषकतेत आहे. झिलई सहसा पहिल्या भाजणीतून, म्हणजे साधारण ९००° ते १,०५०° से. तापमानातून निघालेल्या भांड्यावर देतात. असे भांडे पक्के झालेले असले तरी सच्छिद्र असते. ते लेपात बुडवले की काही सेकंदांत सगळीकडून सारखेच पाणी ओढून घेते आणि पृष्ठभागावर सारखा थर उरतो. कुंचला मात्र एका वेळी लहानशा जागीच टेकतो. तेथील पाणी तत्काळ शोषले जाते, लेप थिजतो आणि कुंचला पुढे सरकण्याऐवजी अडखळतो. त्याच जागी पुन्हा हात फिरवल्यास आधीचा थर उखडून निघतो. तैलरंगात जाडी थोडी कमीजास्त झाली तरी रंग फारसा बदलत नाही. झिलईत मात्र रंग, पारदर्शकता आणि चकाकी ही तिन्ही थराच्या जाडीवर अवलंबून असल्याने कुंचल्याचा प्रत्येक चुकार फराटा भट्टीतून दिसून येतो.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे लेपात डिंक घालणे. पूर्वी बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक वापरत. आता बहुधा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज म्हणजेच सीएमसी वापरतात. डिंकामुळे पाणी हळू शोषले जाते, लेप कुंचल्याखाली सरकतो आणि वाळलेला थर भुकटीसारखा झडत नाही. भट्टीत डिंक जळून जातो. त्याचे दोष दोन आहेत : लेप वाळायला वेळ लागतो आणि साठवलेला लेप कुजतो, म्हणून बाजारात मिळणाऱ्या तयार लेपांत परिरक्षक घातलेले असते. भांडे ओल्या स्पंजाने पुसून घेणे हा दुसरा, जुना उपाय होय. त्याने धूळही निघते आणि शोषकताही थोडी मंदावते. परंतु भांडे फार ओले केल्यास लेप धरतच नाही.

कुंचला मऊ केसांचा, रुंद आणि भरपूर लेप धरणारा असावा लागतो. जपानी पद्धतीचा बकरीच्या केसांचा चपटा कुंचला या कामासाठी जगभर वापरला जातो. ताठ केसांचा कुंचला लेप पसरवण्याऐवजी खरवडतो. भांडे फिरत्या पाटावर ठेवून, कुंचला लेपाने चांगला भिजवून, न दाबता तो केवळ भांड्यावरून वाहता ठेवतात. सामान्यतः तीन हात देतात. पहिला आडवा असल्यास दुसरा उभा आणि तिसरा पुन्हा आडवा किंवा तिरका देतात, म्हणजे एका थरातील फटी दुसऱ्यात भरून निघतात. मधल्या वेळात थराची ओली चमक जाऊ द्यावी लागते. सर्व हात मिळून थर साधारण १ मिमी. किंवा त्याहून कमी जाडीचा होतो. सुईचे टोक टोचून जाडी पाहण्याची पद्धत आहे. कच्च्या लेपाचा रंग पाहून अंदाज बांधणे फसवे ठरते, कारण कोबाल्ट कार्बोनेट घातलेला फिकट जांभळट लेप भाजल्यावर गडद निळा होतो. हात कोठे फिरला आणि कोठे राहिला हे कळावे म्हणून काही तयार लेपांत भट्टीत जळून जाणारा रंग मिसळलेला असतो.

भांड्याचे बूड कोरे ठेवतात, नाहीतर वितळलेली झिलई भांड्याला भट्टीच्या फळीशी जोडून टाकते. त्यासाठी बुडाला आधी मेण लावतात. बोटांचा तेलकटपणा किंवा धूळ राहिल्यास, तसेच थर फार जाड होऊन वाळताना तडकल्यास, भट्टीत झिलई आक्रसून गोळा होते आणि मधून माती उघडी पडते. थर पातळ असेल तर खरखरीतपणा व पट्टे राहतात; जाड असेल तर झिलई ओघळून बुडापर्यंत पोहोचते.

एकाच रंगाच्या एकसारख्या शंभर कपांसाठी कुंचला हे चुकीचे साधन आहे. तेथे बुडवणेच योग्य. मात्र बुडवण्यासाठी भांडे मावेल एवढा बादलीभर लेप लागतो आणि फवारणीसाठी धूळ ओढणारा कक्ष व श्वसनरक्षक मुखवटा आवश्यक असतो. म्हणून शाळा, छंदवर्ग आणि लहान कार्यशाळा यांत कुंचला रूढ झाला. एकाच वस्तूवर अनेक रंगांच्या झिलया शेजारी शेजारी हव्या असतील तेव्हाही त्याला पर्याय उरत नाही.

अशा बहुरंगी कामाचे प्रसिद्ध प्राचीन उदाहरण चीनमधील तांग काळातील (६१८–९०७) तिरंगी भांडी व मूर्ती हे होय. थडग्यांत ठेवण्यासाठी केलेल्या घोड्यांच्या, उंटांच्या आणि सेवकांच्या मूर्तींवर तांब्याची हिरवी, लोहाची पिवळसर तपकिरी आणि क्वचित कोबाल्टची निळी शिसेयुक्त झिलई दिलेली असे. ही झिलई अत्यंत प्रवाही असल्याने रंग एकमेकांत ओघळत, आणि कारागिरांनी त्या ओघळांचाच उपयोग करून घेतला. मानवी मूर्तींचे चेहरे मात्र पुष्कळदा झिलईविना ठेवून भाजणीनंतर रंगवले जात. चेहऱ्याचे बारकावे या वाहत्या झिलईत टिकले नसते. रंग मिसळू न देण्याची युक्ती मध्य आशिया, इराण आणि स्पेनमध्ये वापरली गेली : फरशीवर मँगॅनीज मिसळलेल्या तेलकट पदार्थाने रेषा काढून मधल्या घरांत वेगवेगळ्या झिलया भरीत. तेलकट रेषा पाणचट लेपाला अडवी आणि भाजल्यावर तेथे काळपट कोरडी रेघ राही.

कुंचल्याची खूण लपवण्याऐवजी तिला सौंदर्याचा भाग मानण्याचे श्रेय जपानकडे जाते. क्योतो येथे सोळाव्या शतकात चोजिरो या कारागिराने चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या अभिरुचीनुसार घडवलेल्या, राकू नावाने ओळखल्या जाणाऱ्या चहाच्या वाट्या चाकावर नव्हे, तर हाताने घडवलेल्या असत. काळ्या राकूची झिलई कामो नदीतील लोह व मँगॅनीजयुक्त दगड दळून केली जाते. ती कुंचल्याने अनेक हात देऊन चढवतात आणि प्रत्येक हात वाळू देतात. नंतर लहान भट्टीतून वाटी तापलेली असतानाच चिमट्याने बाहेर काढतात. चिमट्याची खूण झिलईवर कायम राहते. थराची असमान जाडी ही येथे उणीव ठरत नाही, उलट वाटी हातात धरताना जाणवणारा तो पोतच तिचे मोल वाढवतो. चोजिरोची परंपरा राकू घराण्यात आजही चालू आहे.

महाराष्ट्रातील कुंभारांची पारंपरिक मडकी, रांजण व पणत्या झिलईविनाच असतात, आणि पाण्याचा माठ तर सच्छिद्र राहिला तरच पाणी थंड ठेवतो. सिंध-मुलतानकडे मात्र झिलईच्या फरशांची मोठी परंपरा होती. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात मृत्पात्रीचे काम चालवले तेव्हा सिंधी धर्तीच्या झिलईदार भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती उतरल्या. या नक्षीत कुंचल्याचे काम प्रामुख्याने झिलईच्या खाली असून झिलई वरून दिलेली आहे. या भांड्यांचे नमुने भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहता येतात. गोव्यातील अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धर्तीच्या चित्रित झिलईदार फरशांत क्रम उलटा आहे : पांढऱ्या, कच्च्या झिलईवर कुंचल्याने रंग देऊन दोन्ही एकत्र भाजतात. या शोषक पृष्ठभागावर काढलेली रेघ पुसता येत नसल्याने हात पक्का लागतो.

शिसेयुक्त झिलई कमी तापमानाला वितळते, गुळगुळीत बसते आणि तिच्यावर कुंचल्याच्या खुणाही सहज मिटतात, त्यामुळे ती दीर्घकाळ लोकप्रिय होती. परंतु नीट न वितळलेल्या किंवा सदोष घडणीच्या अशा झिलईतून चिंच, ताक, लोणचे यांसारख्या आंबट पदार्थांत शिसे उतरते. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर म्हणून बोरॉनयुक्त, शिसेविरहित झिलई देतात. काम करणाऱ्याला मात्र कोरड्या लेपातील सिलिकेच्या धुळीचा धोका उरतोच. म्हणून सांडलेला किंवा खरवडलेला लेप झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेतात.