कार्बन फायबरची चकाकी आणि आकसणारं रेझिन

घरी बनवलेला कार्बन फायबरचा भाग किती गुळगुळीत झालाय, हे बोटाने कळत नाही. तो ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा आणि नळीच्या प्रतिबिंबाची कड पाहायची. कड सरळ दिसली तर काम जमलं. हलत्या पाण्यातल्यासारखी वाकडी दिसली, तर बरंच काम बाकी आहे.

मी स्कूटरचं पुढचं मडगार्ड केलं होतं. एप्रिलमधल्या एका रात्री पॉलिश संपलं तेव्हा त्यात चेहरा दिसत होता. दुसऱ्या दिवशी गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पाहतो तर आतल्या कार्बनच्या कापडाची सगळी वीण वर उमटलेली! कुठे ओरखडा नव्हता, कुठे टवका उडाला नव्हता. बोटाला तर काहीच लागत नव्हतं.

हे का होतं ते कळायला कापड जवळून पाहावं लागतं. कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. असे ३००० तंतू मिळून एक चपटा पट्टा होतो. विक्रेते त्याला ‘थ्री-के’ म्हणतात. हे पट्टे उभे-आडवे विणले की कापड तयार होतं, बहुतेकदा जीन्ससारख्या तिरक्या विणीचं. पट्टा दुसऱ्यावरून जातो तिथे उंचवटा, खालून जातो तिथे खळगा. वरून लावलेलं एपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळलं की घट्ट होणारा चिकट द्रव) उंचवट्यावर पातळ राहतं आणि खळग्यात साचतं. आपल्याला दिसणारी चकाकी या रेझिनच्या थराची असते, कापडाची नव्हे.

आणि रेझिन आकसतं. हार्डनर मिसळल्यावर रेणू एकमेकांना जोडले जातात, जवळ सरकतात, आणि आकारमान काही टक्क्यांनी घटतं. तंतू मात्र आहेत तेवढेच राहतात. थर कापडाला घट्ट चिकटलेला असल्यामुळे त्याला आडवं आकसता येत नाही, तो जाडीतच बसतो. समजा, खळग्यात १०० मायक्रॉन रेझिन आहे आणि शेजारच्या उंचवट्यावर २०. पाच टक्के आकसलं तर खळग्यातला थर ५ मायक्रॉन खाली बसेल, उंचवट्यावरचा फक्त १. यातला बराचसा फरक रेझिन पातळ असतानाच भरून निघतो. पण दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, त्यामुळे उरलेला एखाद-दुसरा मायक्रॉनही प्रतिबिंब वाकवायला पुरतो. गोधडीवर पातळ चादर अंथरली की खालचे टाके वर दिसतात, तसंच हे.

मग उन्हात काय झालं? खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं रेझिन हाताला टणक लागतं, पण त्यातली अभिक्रिया पूर्ण झालेली नसते. रेणू जागच्या जागी अडकतात, काही जोड राहून जातात. अशी बरीच एपॉक्सी ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि काळा भाग उन्हाळ्यात त्याहून सहज जास्त तापतो. मऊ पडलं की अडकलेले रेणू हलतात, राहिलेले जोड पूर्ण होतात, आणि राहिलेलं आकसणंही तेव्हाच होतं, आपलं पॉलिश करून झाल्यावर.

म्हणून आधी शेकायचं, मग घासायचं. घरी काम करणारे नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळतात, असं मला वाटतं. रेझिनच्या माहितीपत्रकात तापमान आणि तास दिलेले असतात. तापमान हळूहळू चढवायचं, काही तास टिकवायचं आणि हळूहळूच उतरवायचं. जे काही आकसायचं ते या वेळीच आकसू द्यायचं.

दुसरा त्रास सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांचा. पट्टे एकमेकांना ओलांडतात त्या कोपऱ्यात हवा अडकते. इथे एक साधी युक्ती फार उपयोगी पडते: भाग हेअर ड्रायरने कोमट करायचा, ड्रायर बंद करायचा, आणि भाग निवत असताना रेझिन लावायचं. छिद्रातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. थंड भागावर रेझिन लावून मग शेकलं, तर तीच हवा फुगून बुडबुडे वर काढते. व्हॅक्यूम बॅगने, म्हणजे ओल्या भागावर प्लास्टिकची पिशवी लावून आतली हवा ओढून घेतली की, बाहेरची हवा भागाला दाबते आणि छिद्रं कमी होतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस मीटरला सव्वादहा टन भरतो आणि पुण्याच्या ५६० मीटर उंचीवरही साडेनऊ टनांच्या वर. पण बॅगेने भाग मजबूत होतो, चमकत नाही. चमकते ती साच्याला टेकलेली बाजू, कारण ती साच्याची हुबेहूब नक्कल असते. काचेवर केलेली पाटी काचेसारखीच निघते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाला धरतात आणि पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो तसाच घासला तर चरांत जाऊन बसतो आणि रेझिनचा पुढचा हात (थर) धरत नाही. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आधी कोमट पाणी आणि भांड्यांची हिरवी घासणी, मग पॉलिश पेपर.

२४० नंबरच्या पेपरचा कण साधारण ५८ मायक्रॉनचा, ४०० चा ३५, ८०० चा २२, १२०० चा १५, २००० चा १०. प्रत्येक पेपरने फक्त आधीच्या पेपरचे ओरखडे काढायचे. मधला नंबर गाळला तर खोल ओरखडे शेवटपर्यंत राहतात. पाणी लावूनच घासा, धूळ उडत नाही, तरीही मास्क हवाच. हातमोजेही हवेत, कारण एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. घासताना लक्ष पाण्याच्या रंगावर ठेवा. दुधाळ पाणी म्हणजे रेझिन निघतंय. काळं झालं की थांबा, तंतू कापला जातोय. तो ठिपका पुढे कितीही हात दिले तरी करडाच दिसतो. म्हणून घासायच्या आधी रेझिनचे दोन-तीन हात द्यायचे, आधीचा हात अजून चिकट असतानाच पुढचा.

शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, लागतोच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी एपॉक्सी पिवळं पडतं. त्यासाठीच्या टू-के (इथे ‘के’ म्हणजे हजार नव्हे, घटक: दोन घटक मिसळून होणाऱ्या) पॉलियुरेथेनच्या फवाऱ्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, म्हणून हे काम गाडीच्या पेंटरकडे, त्याच्या बूथमध्येच द्यावं. फक्त देताना स्पष्ट सांगायचं: लांबी (पुट्टी) भरू नका, प्रायमर मारू नका, नुसतं क्लिअर.