पोर्टरमध्ये कॉफी कोण टाकतं?

पोर्टर या गडद जातीच्या क्राफ्ट बिअरचं कुठलंही परीक्षण वाचायला घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच डार्क चॉकलेट, एस्प्रेसो, भाजलेले हेझलनट यांची हजेरी लागते. मग वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकांना वाटतं, बिअरमध्ये चॉकलेट-कॉफी घातलेली असणार. दुसऱ्यांना वाटतं, परीक्षण लिहिणारा आपल्याला शेंडी लावतोय.

हल्ली काही ब्रुअरी खरोखरच कॉफी घालतात आणि तसं लेबलवर छापतात. त्या बाजूला ठेवू. मी बोलतोय ते पाणी, माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट या चारच गोष्टींतून झालेल्या पोर्टरबद्दल. अशा पोर्टरमध्ये कॅफीन सापडणार नाही, कारण बार्लीत ते नसतंच आणि दाणा कितीही भाजला तरी तयार होत नाही. पण कॉफीचा म्हणून जो वास येतो, त्यातले कितीतरी रेणू मात्र खऱ्या कॉफीतले आणि खऱ्या कोकोतलेच असतात. ते येतात कुठून, हा या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे तिथे जरा रेंगाळणार आहे.

बार्लीचा दाणा आधी भिजवतात, मग चार-पाच दिवस मोड येऊ देतात. रोप उगवायचं म्हणून दाणा साठवणीतला स्टार्च आणि प्रथिनं फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तयार करू लागतो. प्रथिनं तुटून सुटी अमिनो आम्लं होतात, स्टार्चमधून थोडी साखर मोकळी होते. नेमक्या या टप्प्यावर माल्ट करणारा दाणा वाळवतो आणि मोडाची वाढ थांबवतो. 80-90 अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवला तर फिकट माल्ट मिळतं. तेच पुढे फिरत्या पिंपात 200 ते 230 अंशांपर्यंत भाजत नेलं की आधी चॉकलेट माल्ट आणि मग ब्लॅक माल्ट. (चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं. ते नाव रंगाचं आहे.)

म्हणजे आता एकाच दाण्यात साखर आणि अमिनो आम्लं शेजारी-शेजारी बसली आहेत आणि बाहेरून आच लागली आहे. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1912 साली वर्णन केलेली अभिक्रिया इथे सुरू होते. पावाचा कडा तपकिरी होतो तो याच अभिक्रियेमुळे. पण 'मायार अभिक्रिया' असं एकवचनी नाव दिलं तरी हा शेकडो अभिक्रियांचा गुंता आहे. त्याचा पहिला सुसंगत नकाशा 1953 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉन हॉज यांनी काढला आणि आजही पाठ्यपुस्तकं त्याच नकाशावर चालतात.

सुरुवात सोपी आहे. साखरेच्या टोकाचा कार्बोनिल गट, म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेली कार्बन-ऑक्सिजनची जोडी, अमिनो आम्लाच्या नायट्रोजनला चिकटतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. जोडणी झालेला हा रेणू आतल्या आत आपली रचना बदलतो, त्यातून अजून पाणी निघून जातं आणि साखरेचे अतिशय चळवळे तुकडे उरतात. या तुकड्यांवर दोन कार्बोनिल गट शेजारी-शेजारी असतात. इथपर्यंत वासाला फारसं काही नाही. खरी गंमत यापुढे.

हा चळवळा तुकडा दुसऱ्या एखाद्या अमिनो आम्लाला गाठतो आणि त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात काढून टाकतो. उरतो तो एक कार्बन कमी असलेला अल्डिहाइड. याला स्ट्रेकर विघटन म्हणतात. आता कोणतं अमिनो आम्ल सापडलं यावर वास ठरतो. ल्युसीन सापडलं तर 3-मिथाइलब्युटॅनाल तयार होतो. वास माल्टसारखा, कोकोसारखा. फेनिलअॅलनिन सापडलं तर मध आणि फुलांकडे झुकणारा फेनिलअॅसिटाल्डिहाइड. मेथिओनिन सापडलं तर मेथिओनाल, आणि त्याचा वास चक्क उकडलेल्या बटाट्याचा! एकाच भट्टीत, एकाच दाण्यात.

मघाच्या अमिनो आम्लाचा नायट्रोजन कुठे गेला? तो साखरेच्या तुकड्यावर जाऊन बसला आणि त्याचा अमिनोकीटोन झाला. असे दोन अमिनोकीटोन एकमेकांना भेटले की सहा अणूंचं कडं तयार होतं: चार कार्बन आणि समोरासमोर दोन नायट्रोजन. हे पायराझिन. कड्याच्या कोपऱ्यांवर मिथाइल गट लागले आहेत की इथाइल, किती आणि कुठे, यावर वास भाजलेल्या दाण्यांचा येणार की मातकट, हे ठरतं. म्हणजे परीक्षणात 'भाजलेले हेझलनट' लिहिणारा माणूस नकळत पायराझिनच नोंदवत असतो.

कॉफीची ओळख पटवणारा रेणू आणखी वेगळा आहे. त्याचं नाव फर्फ्युरिलथायॉल आणि त्यात गंधक असतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यावरच तो नाकाला कळतो. काळ्या माल्टच्या बिअरमध्ये त्याचे अंश सापडतात आणि तेवढे पुरतात.

बार्ली गवताच्या कुळातली, कोको एका झाडाचं बी, कॉफी तिसऱ्याच कुळातली. मग तिघांचे वास जुळतात कसे? पूर्वतयारी सारखी असते म्हणून. कोकोच्या बिया भाजण्याआधी काही दिवस आंबवतात, तेव्हा त्यांच्यातली प्रथिनं तुटून अमिनो आम्लं सुटी होतात. बार्लीला मोड आणून आपण साधतो ते हेच. कॉफीच्या हिरव्या बीमध्ये साखर आणि अमिनो आम्लं आधीपासूनच असतात. पुढे आच तीच. वनस्पती कुठली याला भट्टीच्या लेखी फारशी किंमत नाही. दाण्यात काय मोकळं आहे आणि आच कितीपर्यंत नेली, याला आहे.

आच वाढवत नेली की वास वाढतच जातो असं मात्र नाही. ब्लॅक माल्टच्या तापमानाला बरेचसे सुवासिक रेणू उडून जातात किंवा मोडतात. लहान रेणू एकमेकांत गुंतून मेलॅनॉइडिन नावाचे मोठे, तपकिरी-काळे रेणू होतात, ज्यांना वास नसतो पण रंग गडद असतो. दाण्याच्या सालीतल्या फेरुलिक आम्लातून धुरकट वासाचा ग्वायाकोल निघतो. खरपूस आणि करपट यांच्यामधली ही सीमा काही मिनिटांची असते. म्हणूनच भाजणारा शेवटी दाण्यांवर पाण्याचा फवारा मारतो. नुसती आच बंद करून भागत नाही, दाणा आतल्या उष्णतेने भाजतच राहतो आणि पेटूही शकतो.

पोर्टर ही लंडनची बिअर, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, ओझी वाहणाऱ्या कामकऱ्यांची. ती सुरुवातीला लाकडाच्या जाळावर वाळवलेल्या तपकिरी माल्टपासून करत आणि प्रचंड पिंपांत महिनोन्महिने मुरवत. 1784 साली जॉन रिचर्डसन यांनी ब्रुअरीत साखर मोजणाऱ्या उपकरणाचा वापर मांडला आणि ब्रुअरांच्या लक्षात आलं की तपकिरी माल्टमधून फिकट माल्टपेक्षा साखर बरीच कमी निघते. झालं, सगळे फिकट माल्टकडे वळले. पण गिऱ्हाइकाला काळी बिअरच हवी होती. मग रंगासाठी जळकी साखर आली आणि अशा चोरवाटांनी नको ते पदार्थही आले. भेसळीविरुद्ध मोहीम उघडणाऱ्या फ्रेडरिक अक्युम या रसायनतज्ज्ञाने 1820 मध्ये ज्यांवर बोट ठेवलं, त्यांत मासे गुंगवायला वापरतात ती विषारी काकमारीची फळंही होती. बिअर जास्त चढावी म्हणून ती घालत. त्याआधीच, 1816 मध्ये, इंग्लंडमध्ये माल्ट आणि हॉप्सखेरीज काहीही घालायला कायद्याने बंदी आली. आता काळा रंग माल्टमधूनच काढणं भाग होतं. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलर यांनी माल्ट भाजायच्या लोखंडी फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. हे यंत्र कॉफी भाजायच्या यंत्राच्याच जातीचं होतं!

या काळ्या माल्टची एक अडचण आहे. इतक्या आचेत त्यातली विकरं पार मरून जातात, त्यामुळे स्टार्चची साखर करायचं काम त्याच्याने होत नाही. ते काम फिकट माल्टच करतं. काळं माल्ट घालायचं ते थोडंसंच, पण तेवढ्याने सगळी बिअर काळवंडते. ते आम्लधर्मीही असतं. लंडनचं पाणी बायकार्बोनेटमुळे अल्कधर्मी. फिकट माल्टबरोबर ते त्रास देतं, काळ्या माल्टचं आम्ल त्याला ताळ्यावर आणतं. लंडनमध्ये गडद बिअर चांगली जमायची त्यामागे हा हिशेब होता, ब्रुअरांना पीएच हा शब्द कळायच्या कितीतरी आधीपासून.

रंग गडद म्हणजे बिअर कडक, हा समज तर निव्वळ चुकीचा. रंग त्या थोड्याशा काळ्या माल्टचा, मद्यार्क फिकट माल्टच्या साखरेचा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. इंग्लिश पोर्टरमध्ये साधारण 4 ते 5.4 टक्के मद्यार्क असतो, तर सोनेरी दिसणाऱ्या कित्येक बेल्जियन बिअर 8 टक्क्यांच्या पुढे जातात. आणि काळी दिसते तीही खरी काळी नसते. ग्लास तिरका करून मागे मोबाइलचा टॉर्च धरा: कडेला, जिथे बिअरचा थर पातळ होतो, तिथे माणकासारखा लाल रंग दिसेल. मेलॅनॉइडिन निळा-जांभळा प्रकाश जास्त शोषतात आणि लाल जाऊ देतात. बिअरचा रंग मोजताना 430 नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात तो यासाठीच.

काळी बिअर रक्त वाढवते, ही समजूतही फार चिवट. तिच्यात लोह नाममात्र असतं. तिचा नवा अवतार म्हणजे 'मेलॅनॉइडिन अँटिऑक्सिडंट असतात, म्हणून पोर्टर आरोग्यदायी'. परीक्षानळीत ते अँटिऑक्सिडंट असतात हे खरं. पण ग्लासात त्यांच्यासोबत अल्कोहोल असतं आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. प्यायची तर चवीसाठी प्या, औषध म्हणून नको.

चवीबद्दल बोलायचं तर पोर्टर बर्फगार पिणं म्हणजे वर सांगितलेली सगळी रसायनं वाया घालवणं. 10 ते 13 अंशांना ती जास्त बोलकी होते, कारण रेणू बिअरमधून हवेत आले तरच नाकापर्यंत पोहोचतात. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. कोको आणि कॉफी हे वास आहेत. घोट गिळताना तोंडातली हवा घशाच्या मागून वर नाकात जाते आणि आपण त्याला 'चव' म्हणतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या: कडवटपणा आणि किंचित आंबटपणा राहील, चॉकलेट गायब. गिळल्यावर चिमटी सोडा, ते परत येईल.

आता दुसऱ्या तटाला न्याय द्यायला हवा, कारण शंका घेणाऱ्यांचंही अगदीच चुकत नाही. 2001 साली बोर्दोमध्ये मद्यशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना संशोधकांनी पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली. विद्यार्थ्यांनी तिचा वास लाल वाइनच्या शब्दांत वर्णन केला. डोळ्यांनी नाकाला हे असं फशी पाडलं, आणि तेही शिकाऊ तज्ज्ञांच्या बाबतीत. काळी बिअर समोर असताना 'कॉफी' सुचणं किती सोपं आहे, याचा विचार करा. त्यात लेबलवर चॉकलेटचा उल्लेख वाचलेला असेल तर विचारायलाच नको. परीक्षणातल्या पहिल्या चार शब्दांवर माझा बऱ्यापैकी विश्वास असतो. सहाव्या-सातव्या विशेषणाला, म्हणजे 'उन्हात तापलेलं जुनं चामडं' वगैरे आलं की मी पान उलटतो.

शंका फेडायचा मार्ग ब्रुअरींकडेच आहे, त्याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीन ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसता अंदाज मारला तरी तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून एका फेरीवर काही ठरत नाही. सहा फेऱ्यांत पाच वेळा बरोबर आलं तर ते योगायोगाने घडायची शक्यता 2 टक्क्यांहून कमी असते. चार वेळाच आलं तर ती 10 टक्क्यांवर जाते आणि मग फुशारकी मारता येत नाही. अशा थोड्याथोडक्या निरीक्षणांचं गणित ज्याने पक्कं केलं तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतच नोकरीला होता आणि 1908 साली त्याने ते 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं.

घरी करून बघायचं असेल तर ग्लास अपारदर्शक घ्या किंवा खोलीत लाल दिवा लावा. ओतणारा आणि चाखणारा वेगळे हवेत. प्रत्येक ग्लासात दोन-तीन चमचे पुरे. आणि तिन्ही ग्लास एकाच तापमानाला आहेत हे थर्मामीटरने बघून घ्या, नाहीतर दोन अंश गार असलेला ग्लास कुणीही ओळखेल आणि श्रेय जिभेला जाईल.